मनूची गुटी

माझी मनू दोन महिन्यांची झाली तरी रडत नव्हती. म्हणजे रडायची, पण दिवसातनं एकदा-दोनदा, आणि तेही घोगरं, जाड घोंगड्याखालून कुणी रडावं तसं. कॉलेजात लागलेल्या सवयीनं मी वहीत टिपून ठेवायची: कधी प्याली, किती झोपली, कधी रडली. रडण्याचा रकाना जवळजवळ मोकळाच.

आमच्या वाईच्या घरात मात्र तिचं कौतुक. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर बाळगुटी उगाळायच्या, आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायच्या, मग मनूला चाटवायच्या. एवढी कडू गुटी, पण पोरीच्या कपाळावर आठी नाही.

"लय गुणाची हाय," त्या शेजारच्या बनुबाईंना सांगायच्या. "तोंड म्हणून वाकडं करत न्हाई." आणि दृष्ट लागू नये म्हणून गालावर भलं मोठं तीट.

"आत्याबाई, कडू लागायला नको का तिला?" मी एकदा सासूबाईंना विचारलं.

"तुज्या वहीत लिव्हलंय का तसं?" त्या म्हणाल्या. बनुबाई हसल्या.

लस टोचायला मनूला घेऊन साताऱ्याच्या दवाखान्यात गेले. तिथं माने नावाचे तरुण डॉक्टर तान्ह्या मुलांच्या रडण्याचा अभ्यास करत होते. बाळाच्या तळपायाला टिचकी मारायची, रडणं टेपरेकॉर्डरवर घ्यायचं, आणि निरोगी-आजारी मुलांचे आवाज ताडून पाहायचे. मनूला तीन टिचक्या माराव्या लागल्या.

"फारच दबका आलाय आवाज," डॉक्टर म्हणाले. "ही नोंद धरता यायची नाही. पुसून टाकू. पुढचं बाळ आणा."

पिशवीतली वही काढावी असं वाटत होतं, पण मी मनूला दुपट्यात गुंडाळायला लागले.

कोपऱ्यात पाठमोऱ्या उभ्या राहून हरणाबाई नर्स मुलांची वजनं घेत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "सायब, पुसू नगा. परत लावा."

टेपची पट्टी पुन्हा फिरली. हरणाबाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग मनूजवळ आल्या, तिचे गार हात चाचपले, ओठ बाजूला करून जाडसर जीभ बघितली.

"पोट साफ हुतं का हिचं?"

"तीन-तीन दिवस नाही," मी म्हटलं आणि वही पुढं केली.

"सायब, मी म्हसवडकडं मेंढरामागं वाढले. वरडण्यावरनं आजारी कोकरू काढून दावायची. हितं वीस वर्सं पोरांचं ऐकतीया. हे गुणाचं रडणं न्हवं. गळ्यातल्या गाठीचं बघा."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. आता हे हरणाबाईंना झापणार, असं मला वाटलं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी माझ्या वहीचं पान न् पान उलटलं.

"रडण्याचाच अभ्यास करतोय मी," ते हळूच म्हणाले, "आणि नेमकं हेच पुसायला निघालो होतो."

मग त्यांनी मला समजावलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करत नसेल तर मुलाचा मेंदू वाढत नाही. गोळी जितकी लवकर सुरू होईल तितकी आशा. किती, ते पोर चालायला-बोलायला लागल्यावरच कळायचं. रक्त मुंबईला पाठवलं, पण निकालाची वाट न बघता गोळी त्याच दिवशी सुरू केली.

घरी सासूबाईंनी गोळीची पूड जिभेवर ठेवली. "ह्याला चवच न्हाई! बिनचवीच्या औषिदानं कवा गुण येतोय?"

मी वाद घातला नाही. पण ती पूड दुधात कालवून पाजायचं काम कुणाच्या हाती दिलंही नाही. मुंबईहून निकाल आला. हरणाबाईंचं खरं होतं. तरी रोज मी मनूचा चेहरा न्याहाळायची आणि रोज तो मला कालच्यासारखाच वाटायचा.

गोळी सुरू झाल्यापासून सातव्या आठवड्यात एका सकाळी सासूबाईंनी नेहमीसारखी गुटी उगाळली, चाखली, मनूच्या जिभेला लावली. मनूच्या कपाळावर आठी पडली. तोंड वेडंवाकडं झालं. आणि तिनं असा टाहो फोडला की बनुबाई हातातलं पीठ न धुताच धावत आल्या.

"काय झालं ओ पोरीला?"

सासूबाईंचं बोट तसंच हवेत होतं. "कडू लागलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून ओरडल्या, "आगं, बघत काय बसलीस? वही आण. लिव्ह!"

मी उठले, तशी मनू आणखीच रडायला लागली.