पडली तिला जास्त कसे?

मी आडवा दांडा बोलतोय. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमधला, दोन खांबांवर टाकलेला, नवशिक्या मुलींच्या वाट्याला आलेला. आत फायबर, वर लाकडाचा गुळगुळीत थर आणि त्यावर अकरा वर्षांची खडूची पूड. मुलींबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. त्या रडतात, रुसतात, एकीने तर मला चावूनही पाहिलंय. माझी तक्रार समोरच्या खुर्च्यांबद्दल आहे. आईबाबांनो, तुमच्याबद्दल.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्यावर वजनं टांगून पाहिली, वाकवून पाहिलं आणि 'टिकेल' म्हणून पास केलं. आरडाओरडा सोसायची परीक्षा मात्र कोणी घेतली नाही. ती इथे प्रत्येक स्पर्धेत होते.

स्पर्धेच्या दिवशी माझ्यासमोर चार पावलांवर टेबल लागतं. तिथे पंचबाई बसतात. एरवी त्या दवाखान्यात रक्त तपासतात, रविवारी पेन्सिलीला टोक करून इकडे येतात. आता नीट ऐका. मुलगी माझ्याकडे येते तेव्हा तिच्या नावावर दहा गुण असतातच. शाळेच्या पेपरासारखे ते मिळवायचे नसतात, आहेत ते राखायचे असतात. गुडघा वाकला, थोडे गेले. कोपर वाकलं, थोडे गेले. पाय फाकले, पावलं ताणली नाहीत, मध्येच थांबून 'पुढे काय बरं' असा विचार केला, तरी गेले. जोर कमी पडला म्हणून एक जादा झोका घेतला तर एका फटक्यात तीन दशांश जातात. आणि पडलं तर अर्धा गुण. अर्धाच! काही आभाळ कोसळत नाही.

पण तुम्हाला फक्त पडणं दिसतं. बाकी सगळं होत असताना तुम्ही मोबाइलवर फोटो काढत असता.

मुंगीच्या बाबांचंच घ्या. मुंगी आठ वर्षांची. मला चिकटली की सुटत नाही, म्हणून हॉलमध्ये सगळे तिला मुंगी म्हणतात. तिचे बाबा शिंपी. कॉलर सुतभर सरकली तर अख्खा शर्ट उसवणारा माणूस. पण स्वतःच्या लेकीचे वाकलेले गुडघे त्यांना दिसतील तर शपथ.

स्पर्धेच्या सकाळी हॉलमध्येच तिची वेणी घालता घालता ते म्हणाले, "या खेपेला नऊच्या वर पाहिजेत हं. नाहीतर क्लास बंद."

झालं! पोरीने मला असं काही आवळून धरलं की माझे दोन्ही खांब करकरले. पोट माझ्यावर घेऊन उलटी वर आली ती गुडघे दुमडून. कंबर मागे उडवायची तर कोपरं वाकली. माझ्याभोवती गिरकी घेण्याआधी जादा झोका, गिरकीत पाय फाकलेले. पडली मात्र नाही. गुण आले आठ पूर्णांक एक.

तिच्यामागून एक चष्मेवाली मुलगी आली. चष्मा शिकवणाऱ्या ताईंकडे दिला, सरळ हातापायांनी कंबर चांगली उंच उडवली आणि गिरकीत धपकन खाली पडली. उठली, पुन्हा चढली, उरलेलं सगळं नीट केलं. आठ पूर्णांक चार.

शिंपीबाबा ताडकन उठले. "पडली तिला जास्त कसे? माझी एकदा तरी पडली का?"

ताई धावत आल्या. "अहो, पंचांच्या टेबलाकडे जायचं नसतं. मला विचारा."

"मग तुम्ही सांगा. डोळे आहेत की नाहीत त्यांना?"

"एका शर्टाचं एकच बटण तुटलंय आणि दुसऱ्याची झाडून सगळी शिवण सैल आहे. तुम्ही कुठला परत पाठवाल?"

ते खुर्चीत जाऊन बसले. मला वाटलं, सुटलो! पण कसलं काय.

पुढच्या सरावाला ते वही घेऊन आले. गुण कसे जातात ते ताईंकडून सगळं लिहून घेतलं आणि तेव्हापासून खुर्चीतून सुरू झाले: "गुडघा! दोन दशांश! पावलं! एक दशांश!" आधी हा माणूस काही बघत नव्हता, आता दुसरं काही बघेना. ताईंनी दोनदा बाहेर बसवलं, तर काचेतून बोटं दाखवायला लागले. मुंगी गिरकी घेताना माझ्याकडे किंवा ताईंकडे बघण्याऐवजी काचेकडे बघायला लागली. मला इतका संताप यायचा की वाटायचं, खांबातून निसटावं आणि जाऊन त्यांच्या पायावर पडावं.

चार महिन्यांनी पुन्हा स्पर्धा झाली. मुंगीचे हात सरळ, गुडघे सरळ, पाय जुळलेले. एकही झोका जादा नाही. नऊ पूर्णांक एक! शिंपीबाबांनी अख्ख्या रांगेशी हात मिळवले.

मुंगी ताईंजवळ गेली. हळूच म्हणाली, "ताई, नऊच्या वर झाले ना? मग आता नाही आले तर चालेल?"

ताईंनी तिला जवळ घेतलं.

परवा शिंपीबाबा एकटेच आले. म्हणाले, "येत नाही म्हणते. हट्टच धरलाय. हात दुखतात म्हणून सांगते. नऊ आणणाऱ्या मुलीचे हात कसले दुखतात?"

ताई म्हणाल्या, "बघा की धरून."

त्यांनी चपला काढल्या आणि मला धरलं. पाय टेकू नयेत म्हणून गुडघे दुमडले आणि लोंबकळले. पाच मोजायच्या आत हात सोडून मॅटवर बसले. लालबुंद तळहात वर धरून पाहिले.

"हे एवढं दुखतं?" त्यांनी विचारलं.

"रोज," ताई म्हणाल्या.

ते चपला घालून निघून गेले. घरी जाऊन लेकीशी काय बोलले, मला ठाऊक नाही.

तुम्हाला कळकळीने सांगतो, अकरा वर्षांत मला लटकून पाहणारे ते पहिलेच बाबा. तुम्हीही एकदा या. पाच मोजेपर्यंत लटका, मग खुशाल खुर्चीत बसा. आणि तुमची मुलगी खाली उतरली की आधी तिला पाणी द्या. आकडा पाटीवर असतोच, तो कुठे पळून जात नाही.

मुंगी अजून आलेली नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे सरावाचे दिवस. मी इथेच असतो.