जेवला होतात का?

जन्मभर शिवणकाम करून अप्पा लेकीकडे राहायला आले. मशीन सुटलं, हात मोकळे झाले, पण तोंडाला कुलूप लागलं. जावई फ्रेंच बोलणारा. त्याचं मराठी ‘चहा’, ‘बसा’ आणि ‘बरं’ यापुढे सरकलेलं नव्हतं. लेक संध्याकाळच्या क्लासमध्ये मोठ्या माणसांना फ्रेंच शिकवायची. अप्पा तिला लाडाने मास्तरीणबाई म्हणत.

विहीणबाई पहिल्यांदाच राहायला येणार असं ठरलं, तेव्हा अप्पांनी मनावर घेतलं.

“मास्तरीणबाई, मला एकच वाक्य शिकव. त्या लांबून यायच्या. ‘निघण्याआधी तुम्ही जेवला होतात का?’ एवढं मला नीट विचारता आलं पाहिजे. घरी आलेल्या माणसाशी नुसतं हसून किती वेळ काढायचा?”

ती पेपर तपासत होती, शिवाय कानाला फोन. जेवणासाठी ती आणि नवरा घरात जो शब्द रोज वापरत, तोच तिच्या तोंडून निघून गेला. “बुफे.”

“बुफे? म्हणजे ताटली हातात घेऊन उभ्यानेच जेवतात, तो?”

“तसंच समजा.”

“वा, हे लक्षात राहील. आणि ते ‘होतात’ कसं लावायचं?”

पूर्ण भूतकाळाची सगळी रूपं तिने मान वर न करता घडाघडा म्हणून दाखवली, तीही दोनदा. मग ती फोनवर बोलायला लागली आणि विसरून गेली.

अप्पा विसरले नाहीत. दाढी करताना, भाजी चिरताना, बाल्कनीत कपडे वाळत घालताना त्यांचा जप चालू. “झाव्हे बुफे, त्यू आव्हे बुफे, इल आव्हे बुफे...” मी जेवलो होतो, तू जेवला होतास, तो जेवला होता. ‘तुम्ही’ पाशी आले की ते थांबत, घसा साफ करत आणि किंचित वाकून म्हणत, “वूझ आव्हिए बुफे?” लेक बाहेर जायच्या घाईत असायची. तिच्या कानावर जप पडायचा, पण डोक्यात शिरायचा नाही.

आता हा शब्द काही शिवी नव्हे. मित्रामित्रांत, नवराबायकोत सर्रास चालतो. पण आपण परक्या, वडीलधाऱ्या बाईला ‘तुम्ही हादडलं होतंत का?’ असं विचारत नाही, तसंच तेही विचारत नाहीत. क्लासमध्ये मास्तरीणबाईच बजावून सांगायची, “घरचे शब्द घरी ठेवा.”

विहीणबाई आल्या. उंच, शांत, मोजकं बोलणाऱ्या. जेवणाच्या टेबलावर सगळे बसले, तसे अप्पा उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, छातीशी हात. त्यांनी वाक्य म्हटलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. उच्चार इतका स्वच्छ की शब्द न शब्द टेबलभर ऐकू गेला.

जावयाचा घास हातातच राहिला. आणि सगळ्यांच्या आधी हसली ती लेक. हसू दाबायचा प्रयत्नही तिने केला नाही.

“अप्पा, कुठून उचललंत हे?” ती मराठीत म्हणाली आणि लगेच सासूकडे वळून फ्रेंचमध्ये सांगितलं, “माफ करा हं. सिनेमा बघून काहीतरी शिकतात.”

बोलता बोलताच तिला आठवलं. पेपर, फोन, ‘तसंच समजा’. कानाच्या पाळ्या तापल्या. पण शब्द तोंडातून सुटून गेले होते, आणि ते परत घ्यायचे तर आत्ताच, सगळ्यांसमोर. तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

अप्पांना फ्रेंच कळलं नाही, पण चेहरे कळले. गिऱ्हाइकाला सदरा आवडला नाही हे त्यांना तो आरशात बघायच्या आधीच कळायचं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. क्षणभरच.

“ऐकलं असेल कुठेतरी,” ते म्हणाले. “माझंच चुकलं.” आणि खाली बसले.

तेवढ्यात विहीणबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. अप्पांकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, त्यांना कळेल असं त्या म्हणाल्या, “नों, मस्य. झ नाव्हे पा बुफे.” नाही महाशय, मी जेवले नव्हते. तोच शब्द, तोच काळ, चेहऱ्यावर हसू नाही. मग त्यांनी आपली ताटली वाढण्यासाठी अप्पांपुढे धरली.

अप्पांनी वाढलं.

भांडी विसळताना लेकीने त्यांना गाठलं. “अप्पा, तो शब्द मीच सांगितला होता तुम्हाला.”

“माहीत आहे की.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझ्या सासूसमोर?” ते ताटली पुसत राहिले. “तू शिकवतेस लोकांना. तुझं हसं झालेलं मला चाललं नसतं.”

‘तुमचं हसं झालेलं मात्र मला चाललं’, हे वाक्य तिच्या मनात आलं, पण तिने पुढची ताटली विसळायला घेतली.

सकाळी टेबलावर सासूबाई एकट्याच कॉफी घेत होत्या. लेक समोर जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. सिनेमाबिनेमा काही नाही, शब्द माझा होता, आणि तुम्हाला खोटं सांगितलं तेही मीच.

“मला कळलं होतं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “तू फार लवकर हसलीस.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लेक टेबलाच्या कडेवरचा ओरखडा बघत बसली.

अप्पा आत आले, वाकून नमस्कार केला आणि आपला चहा घेऊन बाल्कनीकडे निघाले. ती घाईने उठली.

“अप्पा, बसा ना. चांगला शब्द सांगते. पाच मिनिटंही लागायची नाहीत.”

“नको गं,” ते म्हणाले. आवाजात रुसवा नव्हता, तेच तिला जास्त लागलं. “आता या वयात कशाला? हसून भागतं माझं.”