घाटातलं वळण

रंगनाथनं चोरी सोडली असं गावात कुणी म्हटलं की त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. त्यानं ठरवून काहीच सोडलं नव्हतं. एकोणीसशे नव्वदपासून सहा वर्षं त्याचा एकच धंदा होता. घाटाच्या चढाला ट्रक मंदावला की मागून धावायचं, दोरीला लोंबकळायचं आणि ताडपत्री फाडून मालेगावच्या कापडाचे गठ्ठे खाली ढकलायचे. गठ्ठे उचलायला खाली सावळीराम असायचा. पहिल्यांदा तर दोघं नुसते पैजेपायी चढले होते. मग एकदा एका क्लीनरनं रंगनाथचा पाय धरला, तेव्हा त्यानं हातातली टॉमी, टायर काढायची लोखंडी कांब, त्याच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट आला. पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा ट्रकवर चढला. त्या आवाजानं आपल्याला काहीच झालं नाही, याचीच त्याला पुढं भीती वाटायची.

नाशिकरोडच्या जेलात दोन वर्षं गेली. सुटल्यावर सविताशी लग्न झालं, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगचं काम लागलं, वेदिका झाली. सकाळी सहाची ड्यूटी माणसाला दमवते. घाट आधी रोज आठवायचा, मग महिन्यातून एकदा, मग वर्षातून कधीतरी.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत, जेवणाच्या सुट्टीत, गेटाबाहेर सावळीराम उभा होता.

"रंग्या, पोट सुटलं की रे तुझं."

"काय काम हाय?"

"जोडीदार पाहिजे. आताची पोरं दोन खेपा करतात आन् पळतात."

"मी नाय येणार. लेकरूबाळ हाय मला."

"माहीत हाय ना." सावळीराम हसला. "वेदिका. पाटाच्या कडेनं एकटीच येती शाळेतून."

 रंगनाथ म्हणाला, "उद्या तीनला. घाटात."

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून तो घरी आला. माळ्यावरून टॉमी काढून त्यानं गोणपाटात गुंडाळली. सविता दारातच उभी होती.

"अहो, कुठं निघालात?"

"आलोच," म्हणत त्यानं लूना चालू केली.

सावळीराम वळणावरच्या कठड्याला टेकून बसला होता. त्याचे केस पांढरे झाले होते. रंगनाथला ना राग आला ना भीती वाटली. विसाव्या वर्षी वाटायचं तसं अगदी शांत वाटत होतं. कानामागं कुठं मारायचं, ती जागाही नजरेनं हेरून झाली होती.

तेवढ्यात एक ट्रक चढाला लागला. "बघ, अजून जमतं का नाय," म्हणत सावळीराम उठला आणि धावला. दोरी हाताला लागली, पण पाय काही वर येईनात. थोडं अंतर फरफटत जाऊन तो भर रस्त्यात आदळला. ट्रक निघून गेला. त्याला उठता येईना.

खालून दुसऱ्या ट्रकचा गिअर बदलल्याचा आवाज आला. आता टॉमीचं काही कामच उरलं नव्हतं.

"रंग्या," सावळीराम म्हणाला.

रंगनाथ जागचा हलला नाही. वळणावर ट्रकचं तोंड दिसलं, तेव्हा कुठं तो धावला. कॉलर धरून त्यानं सावळीरामला कडेला ओढलं. ट्रक हॉर्न वाजवत तसाच गेला. रंगनाथ कठड्याला धरून खाली बसला.

सावळीरामच्या मांडीचं हाड मोडलं होतं. टेम्पोतून दवाखान्यात जाताना तो लहान मुलासारखा रडत होता. "भावासारखा धावलास रे," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता.

घरी येऊन रंगनाथनं सविताला सगळं सांगितलं.

"वाचवलंत ना? मग झालं तर."

"मी उभा होतो सविता. बघत."

"किती वेळ?"

"ट्रक दिसेपर्यंत."

ती उठून चुलीपुढं गेली.

सावळीराम पुढं कुबडी घेऊन चालू लागला, पण रंगनाथकडं पुन्हा कधी फिरकला नाही. रंगनाथची ड्यूटी चुकली नाही. सविता मात्र वापर झाला की घरातला कोयता धान्याच्या कोठीत, गव्हाखाली लपवून ठेवू लागली. एकदा गहू काढताना तो रंगनाथच्या हाताला लागला. त्यानं तो तसाच आत राहू दिला आणि झाकण लावलं.