एका गाईच्या गळ्यातली दोन नावं

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. मातीचा नाही, लाकडाचाही नाही. मी शब्दांचा आहे. म्बारारा शहरातल्या एका विद्यापीठात, पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये पडून आहे. माझं नाव 'गाय'. मला स्वतःला शिंगं नाहीत. माझ्यातून ज्या गाई निघाल्या, त्यांना होती.

*जन्म*

केमिरेंबे नावाच्या मुलीने मला घडवलं. ती किरुहुराच्या कुरणांतली, गुरं राखणाऱ्या काफुरेकांची लेक. कोमुहांगी मॅडम प्रोग्रामिंगच्या वर्गात शिकवत होत्या की आधी साचा करायचा, त्यात गुण आणि कामं सांगायची, मग 'नवा' म्हटलं की साच्यातून एकेक वस्तू निघते. पुस्तकात उदाहरण बँकेच्या खात्याचं होतं. केमिरेंबेच्या डोक्यात काही शिरेना.

"तुझ्या घरी असं काय आहे गं, जे सगळं एकाच जातीचं, पण एकासारखं दुसरं नाही?" मॅडमनी विचारलं.

"गाई," ती म्हणाली. वर्ग हसला.

"हसताय काय? दूध तुम्हीही पिता. कर तू गाय."

*गुण*

नाव. रंग. शिंगं. जिवंत आहे का: हो.

संख्या नाही. शेजारी बसणारा बारिग्ये म्हणाला, "अगं, एकूण किती ते तरी टाक."

"आमच्यात गाई मोजत नाहीत. मोजल्या की कमी होतात."

"मग एखादी हरवली तर कळतं कसं?"

"तुझा भाऊ जेवायला आला नाही, तर तुला मोजून कळतं का रे?"

माझ्यात ती जागा कोरीच राहिली.

*कामं*

चर. पाणी पी. दूध दे. हाक मारली की मान वळव.

हे शेवटचं काम कोणी सांगितलं नव्हतं. ते तिने आपल्या मनाने घातलं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. लेक गाई सोडून शहरात गेली याचा काफुरेकांना राग होता. "गाई राखायच्या सोडून काच राखायला गेली," असं ते शेजाऱ्यांना सांगत. फोनवर 'जेवलीस का' यापुढे बोलत नसत. आता तिला गाईंची माहिती हवी होती. ती विचारू लागली आणि म्हातारा बोलू लागला.

"ताता, गाजूची शिंगं कशी लिहू?"

"आभाळाला ओवाळायला निघाल्यासारखी लिही."

"एवढं मावायचं नाही."

"मग तुझं ते यंत्र लहान आहे, पोरी. शिंगं नाहीत मोठी."

ती हसत हसत लिहायची. "नवी गाय," ती म्हणायची, आणि मी एक गाय द्यायचो. गाजू दिली. बिहोगो दिली, गडद तांबडी, कळपातली सगळ्यात लाडकी. मॅडमनी सगळ्या वर्गाला माझ्याभोवती उभं केलं आणि म्हणाल्या, "साचा असा असावा."

*कालवड*

एके दिवशी फोन आला. "बिहोगोला कालवड झाली! रंग आईचा, कपाळ आईचं. आपल्याकडे अशा लेकीला आईचंच नाव."

केमिरेंबेने आनंदाने लिहिलं: कालवड म्हणजे बिहोगो.

'नवी' म्हणाली नाही. मी वाट पाहत राहिलो. मला हाकच आली नाही.

स्क्रीनवर मात्र दोन ओळी दिसू लागल्या, सारख्या रंगाच्या, सारख्या शिंगांच्या. आई-लेकी अशाच असणार, असं तिला वाटलं.

पुढे गोचिडतापाने बिहोगो गेली. काफुरेका फोनवर एवढंच म्हणाले, "कालवड आहे. तिच्याकडे बघून उठतो सकाळी."

*ती ओळ*

सत्र संपताना घरच्यांना आपलं काम दाखवायचा दिवस ठरला. काफुरेका यायला तयार झाले, हेच नवल. बिहोगोबद्दलची ओळ बदलायला केमिरेंबेचा हात होत नव्हता. पण वडिलांना खोटं दाखवायचं नव्हतं. त्या सकाळी तिने लिहिलं: बिहोगो, जिवंत: नाही.

काफुरेका दुधाचं लाकडी भांडं घेऊन आले. फाटकावरचा पहारेकरी वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, "म्झे, काठी इथे ठेवा."

"काठी ठेवली तर हात कुठे ठेवू?" म्हातारा म्हणाला, पण ठेवली. लेकीसाठी ठेवली.

त्यांना वाचता यावं म्हणून तिने सगळं घरच्या भाषेत लिहिलं होतं. ते बोट टेकवत वाचू लागले. गाजू, जिवंत. त्यांनी हसून मान हलवली. बिहोगो, मेली. बोट थांबलं, पुढे सरकलं.

बिहोगोची कालवड, मेली.

"ताता, थांबा, हे चुकलंय काहीतरी."

काफुरेका भांडं टेबलावर ठेवून निघून गेले.

बारिग्येने ओळी पाहिल्या. "अगं, तू कालवड केलीच नाहीस. त्याच गाईच्या गळ्यात दुसरं दावं बांधलंस. आई मेली म्हटलंस, तिथे लेकही गेली."

तिने लगेच लिहिलं: कालवड म्हणजे नवी गाय. मी दिली. जिवंत. ती फोन लावत राहिली. फोन उचलला गेला तो दुसऱ्या दिवशी.

"ताता, माझी चूक होती! कालवड जिवंत आहे!"

"ठाऊक आहे, पोरी. घरी आलो तर धावत आली माझ्याकडे."

"मग?"

"माझा बाप सांगायचा, ज्याच्यावर मरणाचा शब्द पडला ते जनावर कळपात ठेवू नये. बाकीच्यांवर येतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर थुंकून सोडून दिलं असतं. पण तू लिहिलं होतंस. माझ्या शिकलेल्या पोरीने."

"कुठाय ती?"

"कम्पालाच्या कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवली. सकाळीच."

मग ते म्हणाले, "जेवलीस का?"

*आता*

केमिरेंबेला चांगले गुण मिळाले. त्यानंतर तिने मला उघडलं नाही. कुणी चालवलं तर मी आजही एक तांबडी कालवड देईन, हाक मारली तर मान वळवणारी. पण माझ्यापर्यंत कोणी येत नाही.

मित्रांनो, नवा जीव आला की त्याला त्याची स्वतःची जागा द्या. आईसारखा दिसतो म्हणून आईच्या ओळीत ढकलू नका. आणि कुणाही पुढे 'नाही' लिहिण्याआधी एकदा जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवा.

त्या कालवडीची पाठ ऊन होती.