पंच, मास्तर आणि बिस्किटांच्या डब्यातली तिकिटं

टिक! टिक!

दचकलात ना? मित्रांनो, मी एसटीच्या कंडक्टरचा एक जुना पंच आहे. तिकिटाला भोक पाडणारा, पकडीसारखा दिसणारा. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. आता कंडक्टरकडे मशीन असतं, ते कुरकुर करत कागद बाहेर टाकतं आणि गप्प बसतं. मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. गाडीच्या दांड्यावर मला टकटकवलं की खिडकीला डोकं लावून झोपलेला माणूसही खिशात हात घालायचा!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलाद तापवलं, ठोकलं, वर चकचकीत मुलामा दिला, मध्ये एक स्प्रिंग बसवली आणि मला चाळीस भावंडांबरोबर खोक्यात भरून मालवणच्या आगारात पाठवलं. एक्याण्णव साल होतं ते. तिथे मला उचललं गणपत धुरी नावाच्या एका कोवळ्या कंडक्टरने. नोकरीचा पहिला दिवस, हाताला घाम सुटलेला. त्यांनी पहिल्याच तिकिटाला स्वतःचा अंगठा माझ्यात चिमटून घेतला आणि माझ्यावरच ओरडले, "मेल्या, तिकीट सोडून माका कित्याक चावतंस?"

अशी आमची ओळख झाली. पुढे वीस वर्षं त्यांचा अंगठा आणि मी, दोघांत कधी भांडण झालं नाही.

आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. मालवण-कसाल गाडीवर धुरी मास्तर म्हणजे काय प्रस्थ होतं म्हणून सांगू! आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, कॉलेजची मुलं, बाजाराच्या पिशव्या, सगळ्यांतून वाट काढत ते यायचे. तोंडाने हिशोब, हाताने तिकीट, आणि मधूनमधून सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी त्यांची ठरलेली आरोळी:

"इचारा रे, इचारा! म्हायत नसात तर माका इचारा! चुकीच्या थांब्यार उतरून मगे माका गाळी घालू नकात!"

नवखे प्रवासी विचारायचे आणि मास्तर त्यांना बरोबर उतरवायचे. संध्याकाळी आगारात रोकड मोजली की मास्तरांचा हिशोब पैशापैशाला जुळायचा. त्याची त्यांना भारी घमेंड होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

लग्न झालं तेव्हा त्यांची बायको विमला पहिल्या चतुर्थीला याच गाडीने माहेरी, कसालला निघाली. नवी कोरी साडी, मांडीवर नारळाची पिशवी. तिला वाटलं, नवऱ्याची गाडी, तिकीट कशाला? मास्तर तिच्यापुढे उभे राहिले आणि मला दांड्यावर टकटकवलं. "पाच रुपये," ते म्हणाले. सगळी गाडी हसली. विमला लालबुंद झाली, पण तिने पैसे काढले. मी तिकिटाला टिक केलं. ते तिकीट तिने फेकलं नाही. घरी परतल्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि मास्तरांना म्हणाली, "तुमी माझ्याकडसून पैशे घेतलात, ह्याचो पुरावो आसा हो!" मग दर वर्षी चतुर्थीच्या आणि शिमग्याच्या माहेरच्या वाटेचं एकेक तिकीट त्या डब्यात पडत गेलं.

मग मशीन आलं. आम्हा सगळ्या पंचांना आगारात जमा करायचं ठरलं. मास्तरांनी साहेबांना विनवलं, माझी किंमत भरून पावती घेतली आणि मला घरी आणलं. पण घरी माझं काम काय? मी त्याच डब्यात तिकिटांवर जाऊन पडलो. स्प्रिंग गंजू लागली. मित्रांनो, ती पंधराएक वर्षं मला फार जड गेली. वर्षातून दोनदा झाकण उघडायचं, नवं तिकीट आत पडायचं आणि पुन्हा अंधार. मशीनच्या तिकिटावरची शाई उडते, म्हणून विमलाताई मागे पेन्सिलीने आकडा लिहायच्या. मी ते वाचत बसायचो. दुसरा उद्योगच नव्हता!

आणि एक दिवस डबा उघडला तो माझ्यासाठी. मास्तरांनी मला खोबरेल तेल लावलं, फडक्याने घासलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. म्हणाले, "चल. आज शेवटची गाडी."

काय तो दिवस! प्रत्येक थांब्यावर माणसं. कोणी शाल, कोणी शहाळी, एकीने तर अख्खा फणस गाडीत चढवला. कसालला गाडी उभी राहिली तेव्हा ड्रायव्हर गुरुप्रसाद खाली उतरला, नारळ हातात धरला आणि आमच्या पद्धतीप्रमाणे देवाला खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज आमचो मास्तर रिटायर होता हा, त्येका सुखात ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"आनि हेच्या हातात आता एकरकमी पैशे येतले, ते सांभाळूची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि हशाच हशा. मास्तरही पोट धरून हसले. गाऱ्हाण्यातली ती दुसरी ओळ त्यांनी थट्टेवारी नेली, मी मात्र ध्यानात ठेवली.

दोन महिन्यांनी पैसे बँकेत आले. चौतीस वर्षांची नोकरी एका आकड्यात मावली. मास्तरांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पडवीत बसून भविष्याचा बेत आखला. मी त्यांच्या हातातच होतो. विचार करताना मला टिकटिक करायची सवय त्यांना पुन्हा लागली होती, आणि मी भलताच खुशीत होतो.

बेत असा होता. घराशेजारी पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या. बहुतेक सगळी रक्कम त्यात घालायची. उरलेली बँकेत ठेवायची, दरमहा घरखर्चाला काढायची, ती मास्तरांच्या बरोबर पंच्याहत्तराव्या वर्षापर्यंत पुरते. गवंडीकामाचा ठेकेदार निलेश सोमवारी आगाऊ रक्कम न्यायला येणार होता.

विमलाताई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "सगळा खोल्यांत घातलात तर दुखण्याबाण्याक काय ठेवलात? आनि पावसात चार म्हयने पर्यटक खंयसून येतले?"

"तू गप रव गो. चौतीस वरसां गाडीभर लोकांचो हिशोब केलंय. माझो माका जमाचो नाय?"

"कुडाळाक ती शर्मिष्ठा आसा. पैशांचो बेत आखून देवची कामां करता. फी घेता आनि सांगता. एकदा तिका इचारूया."

"आपली पिशवी परक्याक उघडून दाखवूची?"

तसा त्यांचा राग अगदीच खोटा नव्हता हं. पैसे आल्याची बातमी फुटली तशी दोन माणसं बॅगा घेऊन फुकट सल्ला द्यायला आली होती. सल्ला फुकट, पण सही मात्र लगेच हवी! मास्तरांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि सगळ्याच सल्लेवाल्यांवर काट मारली. घरात दोन दिवस धुसफुस चालली. विमलाताईंनी सोलकढीत मीठ घातलं नाही आणि मास्तरांनीही ते मागितलं नाही. आता बोला!

शुक्रवारी सकाळी विमलाताई पडवीत आल्या. त्यांनी मास्तरांच्या हातातून मला सरळ काढून घेतलं. खिडकीच्या गजावर टकटकवलं आणि हुबेहूब मास्तरांच्या आवाजात ओरडल्या, "इचारा रे, इचारा! म्हायत नसात तर इचारा! चुकीच्या थांब्यार उतरून मगे माका गाळी घालू नकात!"

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. चौतीस वर्षं सगळ्या मुलखाला विचारायला लावणारा माणूस! आधी कान लाल झाले, मग मिशीत हसू आलं. "बरा," ते म्हणाले, "उद्या जावया. पण माझो हिशोब बरोबर निघालो तर तू गप रवतलंस."

"व्हय म्हाराजा!" विमलाताई म्हणाल्या.

शनिवारी आम्ही कुडाळला गेलो. घरात सगळ्यात मजबूत तोच बिस्किटांचा डबा, म्हणून कागदपत्रं त्यातच भरली होती. खाली तिकिटं, वर कागद, मधे मी.

शर्मिष्ठा उठून उभीच राहिली. "मास्तर! या, बसा. शाळेला मी तुमच्याच गाडीने जायचे." त्यात नवल नव्हतं. आमच्या बाजूला मास्तरांच्या गाडीत न बसलेला माणूस शोधावा लागेल.

ऑफिस म्हटल्यावर मास्तर एकदम पुस्तकी मराठीवर आले. "मला विचारायचं असं काही नाही. सगळं येतं. फक्त तपासून घ्यायचं होतं."

"जरूर. आधी माझी फी सांगते. ती तुमच्याकडून घेते, कुठल्याही कंपनीकडून मला काही मिळत नाही. हे माझं नोंदणीपत्र. आणि आज सही कशावरच करायची नाही."

मास्तरांना हे बेहद्द आवडलं. आधी तिकीट, मग प्रवास. त्यांनी कॅलेंडरचं पान पुढे केलं. शर्मिष्ठाने सगळ्या बेरजा तपासल्या.

"एका पैशाची चूक नाही," ती म्हणाली. मास्तरांनी विमलाताईंकडे असं काही पाहिलं की विचारू नका!

"फक्त एक सांगा. हा महिन्याचा घरखर्च कुठल्या वर्षाचा?"

"ह्याच वर्षाचा."

"आणि पंधरा वर्षांनंतरचा?"

"तोच धरलाय," मास्तर म्हणाले. विमलाताई दुसरा कागद काढायला गेल्या आणि डबा कलंडला. टेबलावर तिकिटांचा पसारा झाला आणि त्यावर मी, धप्पकन!

शर्मिष्ठाने सगळ्यात पिवळं तिकीट उचललं. "पाच रुपये! हे कुठलं?"

"माझ्या पयल्या चतुर्थीचा. मालवण-कसाल."

"आणि परवाच्या शिमग्याचं हे... तीस."

"बायकांना अर्धं," मास्तर सवयीने म्हणाले. "पुरं तिकीट साठ." बोलता बोलता त्यांचा हात पसाऱ्याकडे गेला. एकेक तिकीट हातात घेऊन पाहू लागले. पाच, मग आठ, बारा, वीस. मग त्यांची पुस्तकी मराठी पार उडाली. "अरे देवा म्हाराजा! दर भाडेवाढीक लोकांच्या गाळी मीच खाल्लंय. डिझेल वाढला, महागाय वाढली, मीच समजावलंय. आनि माझ्याच घरात माका ह्या दिसूक नाय?"

शर्मिष्ठा हसली, पण तिचं पुढचं बोलणं हळू आवाजात होतं. "आणखी एक, मास्तर. हिशोब तुमच्या पंच्याहत्तरीला संपतो. विमलाताई तुमच्याहून कितीने लहान?"

"सहा वर्षांनी."

"मग त्यानंतर त्यांचं काय?"

विमलाताई पदराचं टोक चाळवत राहिल्या. ही गोष्ट त्यांना कधीची ठाऊक होती, पण त्यांनी ती तोंडावर आणली नव्हती. मास्तरांचे डोळे भरून आले. मीही कळवळलो, मित्रांनो.

"विमल," ते म्हणाले, "आयुष्यभर एक पाशिंजर चुकीच्या थांब्यार उतरवलंय नाय. आनि तुकाच वाटेत उतरवून मोकळो झालंय गो!"

"अजून खंय उतरवलात?" विमलाताई डोळे पुसत म्हणाल्या. "गाडी आता खंय सुटता हा. इचारलात ना? झाला तर मगे."

त्या दिवशी तिघांनी मिळून नवा हिशोब केला. बेरजा मास्तरांच्याच, वाट शर्मिष्ठाची, आणि अधूनमधून विमलाताईंचं "ह्या नको, ता होया". दोनच्या जागी एक खोली ठरली. आजारपणाची सोय वेगळी काढली. दरमहा खर्चाला येतील असे पैसे वेगळे, आणि पुढच्या महाग वर्षांसाठी वाढत राहतील असे वेगळे. शेवटची ओळ विमलाताईंच्या नव्वदीपर्यंत गेली. "इतकी जगान मी करू काय?" त्या म्हणाल्या. "माका गाळी घाल," मास्तर म्हणाले. सोमवारी निलेश आला, एकाच खोलीचं ऐकून थोडा हिरमुसला, घावणे खाऊन एकाच खोलीची आगाऊ रक्कम घेऊन गेला.

आणि मग चतुर्थी आली. यंदा विमलाताईंबरोबर मास्तरही प्रवासी म्हणून कसालला निघाले. गाडीवर किशोरी नावाची तरणी कंडक्टर होती. तिने मशीनमधून दोन तिकिटं काढली, एक साठाचं, एक तिसाचं. मास्तर तिला म्हणाले, "बाय, कसाल इला काय माका सांग हां!"

किशोरी हसत सुटली. "मास्तर, तुमका सांगूचा? ह्या रस्त्यावरचो दगड न् दगड तुमका वळाखता!"

"असांदे. इचारून ठेवलेला बरा."

मग त्यांनी खिशातून मला काढलं. दोन्ही तिकिटं एकावर एक धरली आणि मला दाबलं.

टिक!

इतक्या वर्षांनी! तेल लावलेली माझी स्प्रिंग अशी उडाली की सगळी गाडी वळून बघायला लागली. विमलाताईंनी ती दोन तिकिटं डब्यात ठेवली. पहिल्यांदाच डब्यात जोडीचं तिकीट पडलं.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात पडलेला एखादा जुना डबा असेल, तो उघडून बघा. आतल्या म्हाताऱ्या वस्तूंना थोडं तेल लावा, थोडं ऊन दाखवा. आणि घरातलं कोणी निवृत्त होत असेल, उलट्या कॅलेंडरवर एकटंच आकडे मांडत बसलं असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्याच्या बेरजांना हसू नका, त्या बरोबरच असतील. फक्त त्याला विचारा, गाडीत आणखी कोण कोण बसलंय. आणि वाट ठाऊक नसेल, तर आधी तिकीट फाडून, म्हणजे आपली फी उघड सांगून, नीट वाट सांगणाऱ्या माणसाला विचारायला त्याचा हात धरून घेऊन जा.

मी आता मास्तरांच्या पडवीत, खिळ्याला टांगलेला असतो. आलात तर मला वाजवून बघा. टिक!