वर्ग भरला दुपारी

सासू-सून एकाच शिवणकारखान्यात होत्या. नव्या मशिनचे सरकारी वर्ग संध्याकाळी भरत, पण बायका येत नव्हत्या. म्हणून ते बंद करायचं एका बैठकीत ठरत होतं. तिथे सून बोलायला उभी राहिली.

“बायकांना शिकायची हौसच नाही,” एक साहेब म्हणाले.

ते तिला झोंबलं. “हौस आहे हो, पण संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार? वर्ग कामाच्या वेळेत घ्या, पगार न कापता. नाहीतर तुम्ही या आमच्याकडे भांडी घासायला.”

एकच हशा पिकला. अध्यक्षबाईंनी हसतहसत वेळ बदलून टाकली.

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “घरातही अशीच तोंड चालवतेस. आज कुठे ते कामी आलं.”

पहिल्याच दुपारी त्या सुनेआधी जाऊन पुढच्या मशिनवर बसल्या.