खेकड्याचे परस

सूर्यभान उन्हाळ्यात विहिरी खणायचा आणि दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. आपल्या लेकीच्या हातात कोयता येऊ द्यायचा नाही, एवढा एकच हट्ट त्याने आयुष्यात धरला होता. आणि तीच लेक, संस्कृती, रत्नागिरीच्या कॉलेजातून पाथर्डीला येऊन सांगत होती, "दादा, मी आता परत जात न्हाई. औंदा तुमच्यासंगं तोडीला येते."

समुद्राकाठच्या वाळूत बिळं करणाऱ्या खेकड्यावर तिचा प्रकल्प होता. मॅडमनी तो परत केला होता. बिळं नुसती मोजलीस, पण पिल्लं पाण्याजवळ आणि मोठे खेकडे लांब का, हे कुठाय? सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं, आणि पोरीने हाय खाल्ली होती.

समजूत काढणं सूर्यभानला कधी जमलं नव्हतं. त्याने तिच्या पिशवीकडे बोट केलं. "त्ये काय आनलंय?"

बिळांचे ठसे होते ते. बिळात पातळ प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की भोवतालची वाळू उकरून काढायचं. एक ठसा वीतभर, दुसरा हातापेक्षा लांब. सूर्यभानने दोन्ही मांडीवर घेतले.

"म्होरं समुद्र हाय, मंग ह्यो खनतो कशापायी?"

"पान्यात जास्त येळ ऱ्हायला तर मरतो त्यो. पन कल्ले वले लागत्यात, न्हाईतर श्वास घेता येत न्हाई. म्हनून वल लागंस्तवर खनतो."

"पान्यापासनं लांब गेलं की वल खोल जात आसंल."

"व्हय."

"मंग पिल्लू किती परस खनल?"

हात वर केलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. विहिरी त्यातच मोजतात. संस्कृतीला हसू फुटलं.

"हसतीस काय? त्याच्या परसानं मोज," सूर्यभान चिडला. "बारक्याला खोल खनता येत न्हाई, म्हनून त्ये पान्याजवळ ऱ्हातं. खनता यायला लागलं की लांब जातं. ह्यात लिवायला लई अवघड काय हाय?"

संस्कृतीचं हसू थांबलं. तिने वही ओढली. खेकड्यांच्या पाठीची रुंदी एका पानावर, बिळांची खोली दुसऱ्या पानावर. दोन्ही तिने कधी शेजारी-शेजारी मांडल्याच नव्हत्या. तासभर ती मान वर न करता मांडत राहिली. सूर्यभान चहा गार करत समोर बसून होता.

"दादा, जुळतंय," ती हळूच म्हणाली.

सूर्यभानला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला उठावं लागलं. दारात जाऊन त्याने विचारलं, "रत्नागिरीला जायला पुण्याची गाडी कवा हाय?"

"उद्या सकाळी सातला."

"मंग पिशवी भर. लांब जायचंय तुला."